हळू हास वं

शोभाताई हसल्या की शेजारच्या रिकाम्या प्लॉटवरचं कुत्रं उठून बसायचं. नागपूरच्या मनीषनगरातल्या त्या गल्लीत कोणालाही विचारा. हसणं पोटातून निघायचं, वर येता येता मोठं व्हायचं, आणि डोळ्यांतून पाणी काढूनच थांबायचं. ऐकणारा माणूस कारण माहीत नसताना हसायला लागायचा. एक नत्थूजी सोडून.

नत्थूजी म्हणजे त्यांचे यजमान. हिंगण्याच्या एका कारखान्यात ते चौतीस वर्षं तपासनीस होते. मशीनवरून निघालेला नग हातात घ्यायचा, माप लावायचं, कमीजास्त भरला की लाल खडूनं फुली मारून बाजूला टाकायचा. असं काम करणाऱ्यानं हसून चालत नाही, हे त्यांचं मत. एकदा का हसलं, की समोरचा 'एवढा पास करून द्या ना साहेब' म्हणून गळ्यात पडतो. म्हणून ते कारखान्यात हसले नाहीत, आणि सवय लागली म्हणून घरीही हसले नाहीत. लग्नाला एक्कावन्न वर्षं झाली. एवढ्या वर्षांत बायकोला त्यांनी सगळ्यात जास्त वेळा काय ऐकवलं असेल, तर हे: "हळू हास वं, लोक पाहून राहिले."

लग्नात, बारशात, बसमध्ये, बँकेच्या रांगेत, कुठंही. मग शोभाताई पदर तोंडाशी न्यायच्या. खांदे हलत राहायचे, आवाज बंद. झालं नत्थूजींचं समाधान.

मागच्या वर्षी शोभाताई विसरायला लागल्या. आधी साधंसुधंच. वरणात मीठ दोनदा, चष्मा फ्रीजमध्ये. असं कोणाचं होत नाही? पण एके दिवशी त्या कवडूच्या ठेल्यापाशी पिशवी घेऊन उभ्या राहिल्या आणि काय घ्यायचं तेच त्यांना सुचेना. कवडू गेली दहा वर्षं त्या गल्लीत भाजी आणतो. काकूंची नजर नुसती टोपल्यांवरून फिरतेय, हे त्यानं पाहिलं. "काकू, रोजचंच देऊ ना?" म्हणाला, आणि आपल्याच मनानं पिशवी भरून दिली. घरी आल्यावर शोभाताई ओट्यावरच्या त्या पिशवीकडे पाहत म्हणाल्या, "अजी, हे कोणं आणलं?"

नत्थूजींनी त्याच संध्याकाळी मुलाला फोन लावला.

मुलगा सौरव पुण्यात असतो. फोनवर त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं, "बाबा, आईची मेमरी टेस्ट करून घ्या. सदरमध्ये एक डॉक्टर आहेत, मी नाव लावतो. रिपोर्ट खराब आला तर मग मी कोणाचंच ऐकणार नाही. घराला कुलूप लावायचं अन् दोघांनीही इकडे यायचं. बारावा मजला आहे, लिफ्ट आहे, खाली वॉचमन आहे."

शोभाताई बाजूलाच गहू निवडत होत्या. "मी नाही येत बाप्पा," त्या म्हणाल्या. "तिथं मी बोलू कोणाशी? लिफ्टशी?"

पूर्वी असं काही बोलून झालं की त्या स्वतःच आधी हसल्या असत्या. या वेळी हसल्या नाहीत, आणि नत्थूजींच्या ते ध्यानातही आलं नाही.

ऑक्टोबरात ते सदरला गेले. टेस्ट घेणारी मुलगी होती अस्मिता, पुण्याहून नुकतीच आलेली. नागपुरात येऊन तिला पंधरा दिवस झाले होते. हुशार, बोलायला गोड, हातात घड्याळ. "आजोबा, तुम्ही बाहेर बसा हं," ती म्हणाली. "तुम्ही आत असलात की आजी उत्तरासाठी तुमच्या तोंडाकडे बघतील." नत्थूजी अर्धा तास बाहेरच्या बाकावर बसून समोरच्या भिंतीवरचा मेंदूचा तक्ता पाहत राहिले.

मग रविंद्र डॉक्टरांनी टाइप केलेला कागद वाचून दाखवला. "तारीख चुकली. वार चुकला. पाच शब्द लक्षात ठेवायला दिले होते, दोन आठवले. इथवर मी समजू शकतो. पण हे पाहा, एका मिनिटात भाज्यांची नावं सांगा म्हटलं, तर मधेच पक्ष्याचं नाव घेतलं. मग हॉटेलातल्या पदार्थाचं. विषय धरून ठेवता येत नाही असं दिसतं. आणि घाबरल्या होत्या. तसं मधेच बोलूनही दाखवलं, असं लिहिलंय."

"शोभा घाबरली?" नत्थूजींना ते खरंच वाटेना. ही बाई एकटी साप हाकलणारी.

"इथं तसं लिहिलंय."

कोणता पक्षी, हे विचारायचं नत्थूजींना सुचलं नाही. भीती वाटली की माणूस नेमकं विचारायचं तेच विचारत नाही. 'भाजी विचारली तर पक्षी' एवढंच डोक्यात पक्कं बसलं. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं, कान तपासायला सांगितले. तीन महिन्यांनी पुन्हा टेस्ट घेऊ, मुलाला काय कळवायचं ते तेव्हा ठरवू, म्हणाले. आणि कागद बाजूला ठेवून सहज विचारल्यासारखं म्हणाले, "घरात बोलणं होतं ना तुमचं? हसतात का या? शेवटच्या कधी हसल्या?"

नत्थूजी आठवायला लागले. मागच्या दिवाळीत? नाही. सौरव आला होता तेव्हा? त्यांना आठवेना. टेस्ट बायकोची होती आणि नापास ते झाले.

"हसणं म्हणजे काही औषध नाही," डॉक्टर म्हणाले. "सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, असं मी लिहून देऊ शकत नाही. त्यानं गेलेलं परत येतं असंही सांगणार नाही. पण माणसांत बसायचं, दुसऱ्याचं ऐकायचं, त्यातली गंमत कळायची, मग हसू यायचं, एवढ्यात मेंदूचं पुष्कळ काम होतं. म्हणून हसरा माणूस गप्प झाला की मी विचारतो, काहून बा? तुमच्याकडे बागेत हास्य क्लब असेल. घेऊन जा त्यांना."

दुसऱ्या दिवसापासून नत्थूजी हजर. साडेसहाला बाग, म्हणजे सहा पंचविसाला ते फाटकाशी. क्लब चालवायचे विश्वनाथराव, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, आणि त्यांच्या पत्नी यमुताई. गोल उभं राहायचं, टाळ्या वाजवायच्या, हात वर करून 'हा हा हा', खाली आणून 'हो हो हो'. नत्थूजी कारखान्यातली पाळी भरल्यासारखं हसायचे. दहा हा हा, दहा हो हो, एक कमी नाही की जास्त नाही. चेहरा मात्र माप लावताना असायचा तोच. शोभाताई टाळ्या वाजवायच्या, चालायच्या, सगळं करायच्या. हसायची वेळ आली की पदर तोंडाशी.

असे पंधरा दिवस गेले. मग यमुताईंनी विचारलंच, "शोभाताई, अहो, इथे आपण हसायलाच तर येतो. तोंड कशाला झाकता?"

"यायले नाही ना आवडत," शोभाताई म्हणाल्या आणि हनुवटीनं नत्थूजींकडे दाखवलं. तक्रार नाही, काही नाही. याले कारलं आवडत नाही, असं सांगावं तसं.

सगळा गोल नत्थूजींकडे पाहू लागला. विश्वनाथराव उगाचच आभाळाकडे पाहू लागले. नत्थूजींचे कान तापले. त्या दिवशी त्यांचे तीन हो हो राहून गेले.

घरी येताना ते म्हणाले, "शोभा, तू मोठ्यानं हासत जा. मी काही म्हणत नाही आता."

"बरं."

दहा पावलं झाल्यावर त्या म्हणाल्या, "पण आता येत नाही जी. सवय गेली."

गुडघा दुखतो म्हणावं, तसं म्हणाल्या. चौतीस वर्षांत आपली फुली कधी चुकली नाही, याचा त्यांना केवढा अभिमान होता! आणि घरातला सगळ्यात खणखणीत नग आपण रोज फुली मारून बाजूला टाकत होतो, हे त्यांना आत्ता, पंच्याहत्तराव्या वर्षी, रस्त्यात कळलं. घरी आल्यावर न्हाणीघरात जाऊन त्यांनी बराच वेळ तोंड धुतलं.

मग त्यांनी कंबर कसली. मोबाईलवर विनोद यायचे ते वाचून दाखवायचे, तेही तपासणीचा अहवाल वाचावा तसे. "एक नवरा असतो. तो बाजारात जातो. बायको म्हणते, लवकर या. तो म्हणतो, बरं."

"मग?" शोभाताई विचारायच्या.

"मग काही नाही. झाला विनोद."

"बरं."

आठ दिवसांत त्यांनी विनोदांचा नाद सोडला आणि नुसतं बोलायला सुरुवात केली. कारखान्यातलं, कधी न सांगितलेलं. सुशील नावाचा फिटर डब्यात रोज दुसऱ्याची भाजी शोधायचा ते, कंपनीची बस चुकली म्हणून साहेब मोटारसायकलवर तिसरा बसला ते. शोभाताईंच्या कानातला मळ निघाला होता, ऐकू चांगलं यायचं. रक्तात जे कमी निघालं त्याची इंजेक्शनंही झाली. त्या "हो का?" म्हणायच्या, कधी गालात हसायच्या. पण कुत्रं उठून बसेल असं काही झालं नाही. आणि जानेवारी तर येऊन ठेपला.

सौरवनं पुण्यात एक खोली रिकामी करून ठेवली होती. तसा फोटोही पाठवला. शोभाताईंनी फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "चांगली आहे. कोणाची आहे?"

या वेळी नत्थूजींनी डॉक्टरांचे अक्षरशः पाय धरले. मले आत बसू द्या. डॉक्टर हो म्हणाले. अस्मितानं मात्र बोट उगारलं. "एक शब्द बोलायचा नाही, आजोबा. खूणसुद्धा नाही. मधे बोललात तर टेस्ट रद्द करावी लागेल."

"नाही बोलत," नत्थूजी म्हणाले, आणि खुर्चीत गुडघ्यांवर हात ठेवून बसले. तिथून अस्मिताचा कागद बाजूनं दिसत होता.

साल बरोबर आलं. महिना बरोबर आला. तारीख चुकली. घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, ते नीट काढलं. नत्थूजी श्वास धरून होते. मग अस्मितानं हातातलं घड्याळ सुरू केलं. "आता आजी, एका मिनिटात जेवढ्या आठवतील तेवढ्या भाज्या सांगा."

"वांगे," शोभाताई म्हणाल्या. "आलू. पालक. मेथी." अस्मिता बरोबरच्या खुणा करत गेली. "भेदरं."

पेन थांबलं. अस्मितानं हात पुढे करून शोभाताईंच्या हातावर थोपटलं. "घाबरू नका, आजी. मी आहे ना. सावकाश सांगा."

शोभाताईंनी त्या हाताकडे पाहिलं. "मी कायले घाबरू, बाई?"

"छान. पुढे?"

"पोपट."

अस्मितानं फुली मारली. लाल नव्हती, पण फुली ती फुलीच.

नत्थूजी खुर्चीतून अर्धे उठले. हा तो पक्षी! तीन महिने ज्यानं त्यांना पोखरलं, पुण्याची खोली रिकामी करायला लावली, तो पक्षी म्हणजे पोपट. हिवाळ्यात घराघरात सोलतात त्या शेंगांचा पोपट! काल रात्री त्यांच्याच ताटात त्याची भाजी होती. त्यांना आधी आला तो राग. चांगला माल डोळ्यांदेखत बाद होऊन राहिला, आणि बोलायची सोय नाही. बोललं की टेस्ट रद्द. त्यांनी ओठ दातांत धरला आणि परत बसले.

"ढेमसं," शोभाताई म्हणाल्या. बरोबर. "सांबार." फुली. कोथिंबिरीवर फुली! "बरबटी." चवळीच्या शेंगा त्या, त्यांवरही फुली.

आणि मग नत्थूजींना ते हातावरचं थोपटणं आठवलं. भेदरं म्हणजे टमाटर. शोभाताईंचं माहेर आर्वीकडचं, त्यांच्या तोंडात तोच शब्द. बिचारीनं टमाटर सांगितलं, आणि ही पोरगी समजली आजी भेदरल्या! घाबरू नका, मी आहे ना! टमाटराले घाबरून राहिली म्हणे शोभा!

आधी त्यांच्या नाकातून शिट्टीसारखं काही वाजलं. त्यांनी रुमाल काढला. मग खोकला आला, पण तो खोकला नव्हता. पोटात कुठंतरी कळ फिरली आणि सगळं एकदम वर आलं. नत्थूजी हसले. एक्कावन्न वर्षांचं साठलेलं हसले. खुर्ची करकरली, चष्मा नाकावरून घसरला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि थांबायचं म्हणावं तर थांबेचना.

शोभाताई तोंडात बोट घालून पाहत राहिल्या. हे दृश्य त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. "अजी! काय झालं तुमाले?"

"पोपट..." नत्थूजी कसेबसे म्हणाले. "पोपट उडाला वं शोभा! अन् भेदरं... भेदरं सांगितलं तू, तर हे समजली तू भेदरली!"

शोभाताईंनी अस्मिताकडे पाहिलं. कागदावरच्या फुलीकडे पाहिलं. "काय वं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "तू पोपट म्हणजे राघू समजली काय?"

आणि आलं. पोटातून निघालं, वर येता येता मोठं झालं, आणि त्या लहानशा खोलीत मावेना. तेच हसणं, जसंच्या तसं. बाहेरच्या बाकावरचे पेशंट दाराशी गोळा झाले. कागद नोंदवणारी काजल धावत आली, काय झालं म्हणून. अस्मिता घड्याळ हातात धरून तशीच उभी होती. मिनिट केव्हाच होऊन गेलं होतं.

"काजल, पोपट ही भाजी असते?" तिनं विचारलं.

"हो मॅडम. शेंगा असते. तुमच्या मेसच्या डब्यात असते ना, हिरवी हिरवी उसळ."

"तो पोपट होता?"

"मग तुम्ही महिनाभर काय समजून खाऊन राहिल्या?"

अस्मिताचा चेहरा लाल झाला, आणि मग तीही हसायला लागली. रविंद्र डॉक्टर आले, त्यांनी जुना कागद फाइलमधून काढला, त्यावरच्या तीन फुल्या वाचल्या आणि कपाळावर हात मारून घेतला. "मी पण पक्षीच समजलो," ते म्हणाले. "परवाच घरी हीच भाजी खाल्ली. निदान कोणता पक्षी, एवढं तरी विचारायचं होतं मी."

अस्मितानं तिन्ही फुल्या खोडल्या आणि खाली सही केली. त्या दिवसाचं मिनिट वाया गेलं होतं, म्हणून भाज्यांऐवजी जनावरं विचारली. शोभाताईंनी तेरा सांगितली, आणि अस्मितानं प्रत्येक नावाला आधी काजलकडे पाहून घेतलं. पाच शब्दांपैकी तीन आठवले.

"विसरणं आहे," डॉक्टर शेवटी म्हणाले. "ते नाही असं मी म्हणणार नाही. वाढेल की इथंच राहील, आज सांगता येत नाही. पण घराला कुलूप लावावं असं यात काही नाही. सहा महिन्यांनी या. बागेत जाणं सोडू नका."

जिन्यातूनच नत्थूजींनी सौरवला फोन लावला आणि सांगायला लागले, पण पोपटापर्यंत आले की पुन्हा हसू. पलीकडे सौरवला काही कळेना. मग म्हणाला, "बाबा, तुम्ही हसून राहिले?"

"हो."

"आणि मागे आई आहे का? हा आवाज आईचा आहे?"

"मग कोणाचा?"

"राहा मग तिथंच," तो म्हणाला. "उन्हाळ्यात आम्हीच येतो."

दुपार कलताना ते ऑटोनं मनीषनगरात परत आले. गल्लीच्या तोंडाशी कवडूचा ठेला लागलेला होता. "काका, आज काय देऊ?" त्यानं विचारलं.

"पोपट दे पावभर," नत्थूजी म्हणाले. "अन् सांबार." म्हणता म्हणता त्यांच्या ओठांचे कोपरे हलायला लागले.

शोभाताई त्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या. "काहून हसून राहिले जी?"

नत्थूजींना वाटलं, थट्टा करतेय. "तुले माहीत नाही काय?"

"नाही. सांगा ना. काय झालं?"

त्यांनी नीट पाहिलं. थट्टा नव्हती. सदरची खोली, ती पोरगी, ते मिनिट, सगळं दोन तासांत पुसून गेलं होतं. कवडूनं तागडी धरलेला हात तसाच ठेवला.

नत्थूजींनी रुमालानं चष्मा पुसला. पिशवी ठेल्यावर ठेवली. "सांगतो," ते म्हणाले. "ऐक. आपण डॉक्टरकडे गेलो होतो. तिथं पुण्याची एक पोरगी आहे. ते तुले म्हणते, आजी, भाज्या सांगा. तू म्हणतेस, भेदरं. तर ते काय करते?" आणि त्यांनी कवडूच्या हातावर थोपटून दाखवलं. "घाबरू नका, आजी. मी आहे ना."

कवडू फिस्सकन हसला. शोभाताई क्षणभर पाहत राहिल्या, आणि मग त्यांच्या पोटातून ते निघालं. पहिल्यांदाच ऐकल्यासारखं त्या हसल्या, कारण त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. सवयीनं पदर तोंडाकडे निघाला. नत्थूजींनी भर गल्लीत, कवडूसमोर, तो पदर धरून खाली केला.

शेजारच्या प्लॉटवरचं कुत्रं उठून बसलं. समोरच्या घराची खिडकी उघडली.

"अजी, लोक पाहून राहिले," शोभाताई म्हणाल्या.

"पाहू दे," नत्थूजी म्हणाले. "पोपट तर अजून यायचाच आहे. पुढचं ऐक."